सैपाकखोलीची भिंत

पूर्व विदर्भातल्या नवेगाव बांधला येणारा पाहुणा आधी तलावावर जातो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी टेकड्यांमधली वाट मातीच्या पाळीनं अडवली आणि हे पाणी उभं केलं. लोकांनी पुढं त्यांना कोलासूर म्हणून देवच करून टाकलं. तलाव पाहून, पक्षी पाहून पाहुणा परततो. गावातली जुनी घरं मात्र पाहायची राहून जातात. ती घरंही मातीचीच. आणि गेल्या काही वर्षांत त्यांच्या आत एक मोठी उलथापालथ चालू आहे. सैपाकखोलीची भिंत पडते आहे.

इकडच्या झाडीपट्टीतल्या जुन्या घराची मांडणी साधी असते. पुढं अंगण, मग सपरी म्हणजे ओसरी, मग माजघर, सगळ्यांत मागं सैपाकखोली आणि तिच्यामागं सांदवाडी, म्हणजे परसू. पाहुणा सपरीत बसतो. फार जवळचा असला तर माजघरापर्यंत येतो. सैपाकखोलीत जायला एकच दार, तेही वाकून जावं लागेल एवढं. खिडकी असलीच तर वीतभर. भर दुपारी आत गेलं की डोळ्यांना आधी काही दिसत नाही. मग हळूहळू चुलीतला निखारा दिसतो, मग पितळी गंजाची कड, मग वर पाहिलं तर आढं. हे आढं आणि त्यावरचे बांबू काळेकुट्ट, पण नुसते काळे नाहीत. डांबर फासल्यासारखी त्यांना चकाकी असते. बोट लावलं तर चिकटतं.

ही खोली एवढी बंदिस्त का, याला लोक दोन कारणं सांगतात. एक सोवळ्याचं आणि नजरेचं: शिजतं अन्न परक्यानं पाहू नये, घरची बाई परक्यासमोर येऊ नये. दुसरं कारण धुराचं. धूर माजघरात नको म्हणून मधे भिंत. पण धूर काही नुसता शत्रू नव्हता. वरच्या बांबूला घुण लागू नये ही राखण तोच करायचा. बियाण्यासाठी ठेवलेली मक्याची कणसं चुलीवर टांगलेली असत, तीही धुरामुळंच टिकत. डासही जरा लांब राहत. या चाकरीची किंमत मात्र बाईचे डोळे आणि छाती मोजत होती. बसून सैपाक करण्यात एक शहाणपण होतं. धूर वर तरंगतो, खाली बसलेल्या माणसाच्या तोंडाशी तो त्या मानानं कमी असतो. त्या खोलीत उभं राहून दहा मिनिटं भाजी परतून पाहावी म्हणजे हे शहाणपण लगेच कळतं.

धुरावर विदर्भानं इलाज शोधला नव्हता असं नाही. वर्ध्याच्या मगनवाडीतून मगन चूल आली. चुलीला धुराडं जोडायचं आणि धूर कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, वर सोडून द्यायचा. कल्पना उत्तम. पण धुराडं साफ करायला हवं, तडकलं तर लिंपायला हवं, आणि ते ज्या छपरातून बाहेर काढायचं त्या छपरावर माकडं नाचणार. झाडीत कवेलू फुटण्याचं निम्मं पाप पावसाचं आणि निम्मं माकडांचं. १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रमही आला. तरी भिंत जागची हलली नाही.

भिंत हलवली गॅसनं. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियात उज्ज्वला योजना सुरू झाली. त्याच्या आधीच, २०१५ साली, महाराष्ट्रानं व्याघ्र प्रकल्पांभोवतीच्या गावांसाठी श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आणली होती. सरपणासाठी जंगलात जावं लागू नये म्हणून घरात गॅस द्यायचा, हा तिचा एक भाग. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ च्या अखेरीस जाहीर झालेला. म्हणजे इथल्या शेगडीचा संबंध थेट वाघाशी लागतो. मुंबईच्या सैपाकघराला हा मान नाही.

शेगडी आली की ती जमिनीवर ठेवता येत नाही. तिला ओटा लागतो. ओटा आला की बाई उभी राहिली. उभी राहिली की भिंतीपलीकडचं बोलणं नीट ऐकू यायला लागलं, आणि मग प्रश्न आला: धूर गेला, तर ही भिंत कशासाठी?

इथं गवंड्याला बोलावलं जातं. शहरातल्या फ्लॅटमध्ये हे काम तसं सोपं. इमारत सिमेंट-लोखंडाच्या खांबांवर उभी असते, मधल्या साडेचार इंची भिंती बहुतेक नुसते पडदे. इंजिनिअरला दाखवायचं, विजेची वायर आणि नळाची लाइन कुठून गेली ते पाहायचं आणि घण घालायचा. मातीच्या घरात हिशेब उलटा. दीड-दोन फूट जाडीची ती भिंत थरावर थर चढवून केलेली असते; एक थर वाळला की दुसरा. वासे तिच्यावर टेकलेले, आढ्याचा भारही बऱ्याचदा तिच्यावरच. ती भिंत म्हणजे घराचा कणा. सरळ पाडली तर मोकळी बैठक मिळायच्या आधी मोकळं आकाश मिळेल.

जाणता गवंडी आधी भिंतीवर मुठीनं ठोकत फिरतो. कुठं आवाज पोकळ येतो, म्हणजे उंदरांनी बिळं केलीत, कुठं भरीव. मग आढ्याला दोन्ही बाजूंनी लाकडाचे टेकू देतो. भिंतीच्या वरच्या भागात खाच पाडून आधी आडवी तुळई बसवतो, सागाची किंवा लोखंडाची, आणि तिची दोन्ही टोकं शाबूत भिंतीत हातभर तरी आत जाऊ देतो. मग खालची माती काढायची, तीही कुदळीच्या एका घावानं नाही. पहारीनं, खरवडत, ओली करून. हे सगळं मृगाच्या आधी, उन्हाळ्यात, कवेलू फेरायच्या वेळीच उरकायचं. छप्पर तेव्हा तसंही उतरवलेलं असतं, म्हणजे भिंतीवरचा भार कमी. तलावाच्या पाळीला पाणी सोडायचं तुडूम ठेवतात, ते ठरल्या जागी आणि ठरल्या मापाचं. पाळ फोडून कुणी पाणी काढत नाही. भिंतीचंही इथं तसंच करतात.

त्यामुळं नवेगावकडच्या घरात भिंत सहसा पूर्ण जात नाही. खालची तीन-साडेतीन फूट तशीच राहते, तिच्यावर कडाप्पा किंवा ग्रॅनाइट बसतो, आणि तोच ओटा होतो. वरचा भाग मोकळा. मासिकांतल्या चित्रांत दिसतं त्याहून हे जास्त सोयीचं, असं माझं ठाम मत आहे. कारण भिंतीला लागून केलेल्या ओट्याशी उभी राहणारी बाई बैठकीकडं पाठ करून उभी राहते. भिंत पाडूनही ती एकटीच. ओटा जुन्या भिंतीच्या जागी घेतला की तिचं तोंड माणसांकडं राहतं, आणि खरकटी भांडी त्या तीन फुटांच्या आड लपतात.

जगात ही गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहराच्या घरबांधणीसाठी मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या वास्तुशास्त्रज्ञ बाईंनी एक सैपाकघर आखलं. रुंदी जेमतेम दोन मीटर, लांबी साडेतीन मीटरच्या आत. आगगाडीच्या डब्यातल्या भटारखान्यासारखं, हात लांबवला की वस्तू मिळेल असं. तशी सुमारे दहा हजार सैपाकघरं बसवली गेली. पावलं वाचली, पण त्या अरुंद खोलीत बाई एकटी पडते, ही तक्रार पुढं होत राहिली. अमेरिकेत फ्रँक लॉइड राइट यांनी १९३७ मध्ये मॅडिसन गावी जेकब्स कुटुंबाचं छोटं घर बांधलं, तेव्हा त्यांनी सैपाकघर बैठकीलाच जोडून टाकलं. नोकर नसलेल्या घरात आईला मुलं दिसायला हवीत, हा व्यवहार त्यामागं होता. आणि मुंबईच्या बीडीडी चाळींत? १९२० च्या दशकातल्या त्या एकेका खोलीत चूल, मोरी, बिछाना आणि पाहुणा असं सगळं एकाच छताखाली. मोकळ्या सैपाकघराची हौस नव्हती, दुसरी खोली नव्हती.

ती अवस्था आज घरकुलांत दिसते. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणचं घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. आधीच्या इंदिरा आवासमध्ये ते २० होतं. वाढलेल्या मापात सैपाकाची स्वतंत्र जागा धरलेली आहे. अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ आणि दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये. एवढ्यात एक भिंत कमी बांधली तर विटा वाचतात. त्यामुळं गावात सगळ्यांत ‘आधुनिक’ आराखडा कधी कधी सगळ्यांत गरीब घराचा असतो. बांधताना एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून खिडकी वर असून भागत नाही, खाली जमिनीजवळ जाळी हवी, आणि १४.२ किलोची टाकी उभी, शेगडीच्या खालच्या पातळीवर. बंद सैपाकखोलीपेक्षा मोकळी जागा इथं खरोखर बरी.

तोटे नाहीत असं नाही. मे महिन्यात झाडीत पारा पंचेचाळिशीला टेकतो. कवेलू काढून टिनाचे पत्रे घातलेल्या घरात भिंत नसली की भाकरीची धग थेट पाहुण्याच्या मांडीवर येऊन बसते. छपरात जुने बांबू ठेवले असतील तर धूर थांबल्यावर दोन-तीन वर्षांत त्यांतून पिवळी भुकटी गळायला लागते. घुणाला मोकळं रान मिळालेलं असतं; मग औषध मारा किंवा बांबू बदला.

आणि मासे. तलावाकाठच्या गावात हा विषय टाळता येत नाही. ढिवरांनी सकाळी जाळ्यातून काढलेला मासा दुपारी कढईत पडला की त्याचा वास सोफ्याच्या खोळीत, टीव्हीवरच्या रुमालात, दारामागं टांगलेल्या शाळेच्या गणवेशात शिरतो. चिमणी बसवली तर तिचा पाइप बाहेर काढावा लागतो, आणि वीज गेली की ती नुसती शोभेची.

म्हणून चूल संपत नाही, ती सांदवाडीत जाते. दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, रात्री नाटक असतं, लेकी-जावई, सोयरे सगळे मुक्कामाला येतात. त्या दिवशी नव्या ओट्यावर चहा होतो, सगळे त्याचं कौतुक करतात, ग्रॅनाइटवर हात फिरवून बघतात. तोवर मागं तीन दगड मांडलेले असतात. मोठ्या गंजात भाताचं आधण ठेवलेलं असतं, पाट्यावर मसाला वाटला जातो, आणि कौतुक करून झालेली मंडळी एकेक करून उठतात नि खुर्च्या उचलून मागच्या दारानं तिकडंच जातात.