भरपाई द्यायची कुणी?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात पब फार झालेत, थोडे बंद केले पाहिजेत, हे सरकारलाही पटलं होतं. घोडं अडलं ते भरपाईवर. परवाना दरसाल नवा व्हायचा. मद्यविरोधी मंडळी विचारत, वर्षाच्या कागदाची कसली आलीय भरपाई? ब्रुअरीवाले म्हणत, याच कागदाच्या भरवशावर आम्ही पबांत पैसा ओतलाय.

1888 मध्ये सरकारनं भरपाईची कलमं आणली. ओरड होताच मागे घेतली. 1890 मध्ये अर्थमंत्री गोशेन यांनी दारूवर जादा कर बसवून त्यातून परवाने विकत घ्यायचं ठरवलं. हाइड पार्कात निषेधाची मोठी सभा झाली, कलमं पुन्हा बारगळली. कर मात्र तसाच राहिला! मग त्या पैशाचं करायचं काय? तो बराचसा तंत्रशिक्षणाला दिला गेला. 'व्हिस्की मनी' म्हणत त्याला. पब बंद करायला काढलेल्या पैशावर मुलं रसायनशास्त्र शिकली. सरकारी दिरंगाईचं इतकं गोड फळ क्वचितच मिळत असेल.

पुढच्याच वर्षी केंटमियर या डोंगराळ गावातल्या पबचा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. गावाला गरज नाही म्हणून मॅजिस्ट्रेट परवाना नाकारू शकतात, असा निकाल लागला. म्हणजे पबवाल्याचा काही गुन्हा नसला तरी धंदा जाणार, आणि हाती दमडी नाही. तरीही निर्णयाला 1904 साल उजाडलं. पंतप्रधान बाल्फोर यांच्या कायद्यानं भरपाई मान्य केली, पण सरकारी तिजोरीतून नव्हे. चालू पबांवर पट्टी बसवायची आणि बंद पडणाऱ्यांना द्यायची! सोळा वर्षं घोळ घालून सरकारनं स्वतःचा खिसा अलगद वाचवला.

घोळ तिथेही संपला नाही. परवान्यासह जागेची किंमत वजा परवान्याविना किंमत, म्हणजे भरपाई, ऐकायला सोपं. पण त्या पबला बिअर पुरवून ब्रुअरीला होणारा नफा धरायचा की नाही? 1906 मध्ये न्यायमूर्ती केनेडी यांनी धरायचा म्हणून सांगितलं आणि रकमा फुगल्या.

त्या फुगलेल्या रकमा गेल्या कुणाकडे? बहुतेक पब ब्रुअऱ्यांच्या ताब्यात होते, त्यामुळे मोठा वाटा त्यांनाच मिळाला. पहाटे उठून पिंपं लावणारा भाडेकरू पबवाला थोडक्यात आटोपला. माझ्या मते या कायद्यातला खरा अन्याय तोच.