बैठकीच्या आदल्या रात्री



बदलापूरजवळच्या वाडीत एका कातकरी दादांकडे दुसऱ्या दिवशी घेणेकरी बसणार होते: वीटभट्टीमालक, बचतगट, किराणावाला. रात्री आम्ही वहीत घेतलेले-फेडलेले सारे लिहिले. कोर्टात नादारीच्या अर्जालाही अशीच यादी लागते. भट्टीची उचल मात्र दादा लाजून सांगेनात.

“दादा, तीच आधी लिहू,” मी म्हटले. उचल फिटेपर्यंत भट्टी सोडू न देणे ही वेठबिगारी. १९७६च्या कायद्याने ते कर्जच रद्द होते. तक्रार उल्हासनगरच्या प्रांत कार्यालयात करता येते. कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही, हेही ठरले.

सकाळी त्यांच्या मुलीने वही सर्वांसमोर वाचली. किराणावाल्याने हप्ते बांधून दिले. भट्टीमालक उठून गेला; तक्रार आम्ही केली.

प्रार्थनेत आपण ऋणांची क्षमा मागतो. अशा बैठकीला शेजारी बसायला याल ना?