जुना ट्रक : काय राखावे, काय बदलावे

१९५४ साली टाटा आणि डाइमलर-बेंझ यांच्या करारातून जमशेदपूरला ट्रक बनू लागले. १९६९ मध्ये तो करार संपला. तसा एखादा ट्रक तुमच्या परसात गंजत असेल, तर भंगारात देण्याआधी चासी तपासा. ती शाबूत असेल तर बाकीचे काम सावकाश, रविवारी-रविवारी होते. न मिळणारा बुश उद्यमबागेत लेथवर करून मिळतो. ब्रेकबाबत मात्र जुन्याचा हट्ट नको. रस्त्यावर दुसऱ्यांची मुले असतात. इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी आधी घ्या, आणि गंज घासताना चासीनंबर पुसू देऊ नका. गाडीची ओळख तोच. काय राखावे, काय बदलावे, हा विवेक आपल्या बेळगावी बोलीनेही केला : सुटे भाग कानडी घेतले, चासी मराठीच ठेवली.