गाव रिकामा होतो, गाव भरतो
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यातील भाषण)



विणेकरी, टाळकरी, डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या मायबहिणी आणि सर्व गावकरी मंडळी, आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. या दिवशी मी आचऱ्याच्या गावपळणीवर बोलणार आहे. वारीच्या सोहळ्यात गावपळण कशाला, असं कोणी म्हणेल. आधी ऐका, मग म्हणा.

मालवण तालुक्यातलं आचरा म्हणजे समुद्र, खाडी, माडाच्या बागा आणि भाताचे मळे. गाव रामेश्वराचा. काही वर्षांनी रामेश्वराचा कौल होतो आणि सगळा गाव घरं बंद करून वेशीबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री. सोबत गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. हिंदू असो की मुसलमान, सगळे निघतात. वेशीपलीकडे झोपड्या उभ्या राहतात, चुली पेटतात, रात्री भजनं, फुगड्या रंगतात. शेजारच्या चिंदरमध्येही ही रीत आहे. कारण विचाराल तर कोणी भुताखेतांचं सांगतो, कोणी जुन्या साथींचं, कोणी म्हणतो, जमिनीला नि विहिरींना तेवढीच विश्रांती.

पण खरी गोष्ट चौथ्या दिवशीची. तेव्हा पुन्हा कौल घेतात. कौल मिळाला की गाव भरतो. नाही मिळाला तर मुक्काम वाढतो. म्हणजे जायला जशी देवाची आज्ञा लागते, तशीच परत यायलाही.

वारीचंही तेच आहे. वारी म्हणजे येरझार. दर्शन घेऊन घरी आला आणि पुन्हा नांगराला लागला, तो वारकरी. आपल्याकडे आषाढात भाताची लावणी. तरवा काढून ठेवलेला शेतकरी चिखल सोडून जाणार कुठे? म्हणून कोकणातले पुष्कळ जण भात घरात आल्यावर कार्तिकीला निघतात, नाहीतर माघीला. आपल्या वारीची तिथी शेतीने ठरवली आणि विठ्ठलाने ती मान्य केली.

आता एक दुसरी पळण बघा. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्यात ८,६८,८२५ माणसं होती. २०११ मध्ये ८,४९,६५१. दहा वर्षांत एकोणीस हजारांवर माणसं कमी झाली! त्याआधी १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली होती. वाटलं, आता माणसं परत येतील. आली, गणपतीला आली, शिमग्याला आली, आणि पुन्हा दाराला कुलूप लागलं. वायंगणाचे मळे पडीक, कुणग्यांत रान. या पळणीला कोणी कौल घेतला नाही, म्हणून परतीचा कौलही मागायला कोणी नाही.

मी चाकरमान्यांना दोष देत नाही. त्यांच्या मनीऑर्डरीवरच आपली घरं उभी राहिली. मागणं एवढंच : वारीसाठी रजा काढता, तशी लावणीसाठी आठ दिवस काढा. सगळी जमीन नको, एक कुणगा तरी पडीक ठेवू नका. इथे राहणाऱ्यांनी शेजाऱ्याचा पडीक मळा वाट्याने करावा. दिंडीत एकाच्या गळ्यातला विणा दुसरा घेतो, पण खाली ठेवत नाही. नांगराचंही तसंच व्हावं.

शेवटी आपल्या रीतीप्रमाणे गाऱ्हाणं घालतो.

बा देवा रामेश्वरा, बा पंढरीच्या विठ्ठला! ह्या गावचो जो कोण पोटासाठी मुंबैक-पुण्याक गेलो आसात, तेका सुखी ठेव. तेका घराची वाट दाखय, तेच्या शेतात पुन्हा तरवो हिरवो होवंदे, आणि गाव भरलेलो रवंदे रे म्हाराजा!

व्हय म्हाराजा!