राखेची वीट



राख म्हटली की आम्हांला चुलीतली राख आठवते. तिने आम्ही भांडी घासली, कीड लागू नये म्हणून ती धान्यात मिसळली, परसातल्या अळूला घातली. तिने कुणाचे वाईट केले नाही. पण शहराचा कचरा जाळून उरते ती राख त्या जातीची नव्हे. हा भेद विसरल्याने काय होते, ते इंग्लंडातल्या न्यूकॅसल शहराने पाहिले आहे. तेथील बायकर भागातल्या भट्टीची सुमारे २००० टन राख १९९४ ते १९९९ या काळात लोकांच्या भाजीच्या वाफ्यांमधल्या पायवाटांवर पसरण्यात आली. शेगडीखालची जाड राख आणि धुरातून पकडलेली बारीक राख, दोन्ही एकत्र! पुढे तपासणीत जड धातू आणि डायॉक्सिन सापडले, आणि तिथल्या कोंबड्यांची अंडी खाऊ नका, असे सांगण्याची पाळी आली.

धुरातली राख हीच मुख्यतः विषारी. शिसे, जस्त, कॅडमियम तिच्यात गोळा होतात. जाड राख त्या मानाने सौम्य. पण तिच्यातही क्षार असतात, ते काँक्रीटमधली सळई गंजवतात. ॲल्युमिनियमचे तुकडे राहिले तर सिमेंटच्या अल्कलीशी मिळून हायड्रोजन वायू सुटतो आणि ओतकाम फुगून तडकते. म्हणून लोखंड चुंबकाने काढावे लागते, इतर धातू यंत्राने, आणि मग ती राख कित्येक आठवडे उघड्यावर मुरू द्यावी लागते. घाई येथे चालत नाही.

जपानात टोकियोच्या पश्चिमेस हिनोदे नावाचे गाव आहे. तामा भागातल्या सुमारे ४० लाख लोकांच्या कचऱ्याची राख तेथे पुरली जाई. जमिनीखालचे अस्तर फाटून पाणी नासेल, या भयाने गावकरी कोर्टात गेले. ज्यांच्या घरचा कचरा त्यांच्या अंगणात ती राख नव्हती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. २००६ साली तेथेच राखेपासून सिमेंट करण्याचा कारखाना सुरू झाला. १३०० अंशांहून अधिक उष्णतेत डायॉक्सिन मोडते; क्लोरीन जड धातूंना बरोबर घेऊन वाफेच्या रूपाने निघते. तो वायू झटकन थंड करतात, कारण सावकाश निवाला तर तेच विष पुन्हा जुळून येते! धातू मग गाळून वेगळे काढतात. एक टन सिमेंटात निदान ५०० किलो तरी राखेसारखे टाकाऊ द्रव्य असावे, असे तिकडचे मानक आहे. त्याच्या फरश्या आणि रस्त्याकडेचे दगड होतात. राख पुरणे जवळजवळ थांबले. इंधन मात्र पुष्कळ जळते; हे काम फुकटात होत नाही.

आमच्याकडे औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेच्या विटा सर्रास मिळतात. ती कोळशाची राख. तिचा दाखला कचऱ्याच्या राखेला लागू नाही. उद्या कचऱ्याच्या राखेची वीट कोणी आपल्या दारात आणली, तर आम्ही तीन गोष्टी विचारू : धुरातली राख वेगळी काढली का? क्षार धुतले का? आणि वीट फोडून पाण्यात भिजवली, तर त्या पाण्यात काय उतरते, याचा कागद कोठे आहे?