पावसाआधी शाळेची खोली बघून या

आज बचतीचा किंवा कर्जाच्या हप्त्याचा विषय नाही. आज आम्ही शाळेच्या खोलीबद्दल बोलणार आहोत.

मे महिना सरत आला की आपण घराचे पत्रे बघतो, कौलं शाकारून घेतो, कांद्याच्या चाळीवर ताडपत्री टाकतो. गोठ्यात पाणी शिरेल का, याची काळजी करतो. आणि ज्या खोलीत आपलं लेकरू दिवसाचे पाच-सहा तास बसतं, ती खोली कोण बघतं? बैठकीत हा प्रश्न विचारला की बाया म्हणतात, "ते गुरुजी बघतील." गुरुजींना विचारलं तर म्हणतात, "आम्ही वर कळवलंय." वर म्हणजे कुठं, कधी, कोणत्या कागदावर, हे मात्र कुणी विचारत नाही. ते विचारायचं कसं, एवढंच आज सांगायचं आहे.

आपल्या जिल्ह्यात हा विषय काढला की निंबोडीचं नाव येतंच. नगर तालुक्यातलं निंबोडी. २८ ऑगस्ट २०१७, सोमवारचा दिवस. शाळा भरलेली होती, पाऊस चालू होता, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेचं छत मुलांच्या अंगावर कोसळलं. तीन लेकरं गेली, कितीतरी जखमी झाली. त्यानंतर जिल्हाभर धोकादायक खोल्यांची पाहणी झाली, याद्या झाल्या. शिर्डीच्या साईबाबा संस्थाननं जिल्हा परिषदेच्या शाळाखोल्यांसाठी निधी द्यायचं ठरवलं. म्हणजे पैसा हलला, पण तीन घरं उजाड झाल्यावर. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, शाळांच्या पाट्या बदलल्या. पाटीच्या मागची भिंत कशी आहे, ते आपण बघायचं.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण सगळी मेख इथंच आहे. पुष्कळ गावांत बाया म्हणतात, "आमची शाळा गळते, तरी सरकार नवीन खोली देत नाही." देत नाही, त्याचं एक कारण कागदावर असतं. समजा शाळेत चार खोल्या आहेत आणि त्यातल्या दोन पडायला आल्या आहेत. पण जोवर त्या दोन खोल्या सरकारी दप्तरातून कमी होत नाहीत, तोवर शाळेला चारच खोल्या धरल्या जातात. मुलं किती, शिक्षक किती आणि खोल्या किती, असा हिशेब मांडला की उत्तर येतं, 'खोल्या पुरेशा आहेत.' मग नवीन खोली कशी मिळणार? मेलेल्या म्हशीचं नाव खात्यावर तसंच राहिलं तर दुसऱ्या म्हशीला कर्ज मिळत नाही, तसंच हे.

जुनी खोली दप्तरातून उतरवायच्या कामाला निर्लेखन म्हणतात. शब्द अवघड आहे, पण पाठ करून ठेवा. पंचायत समितीत जाऊन आपण हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस खुर्चीत जरा सरळ बसतो, हा आमचा अनुभव आहे.

निर्लेखनाची सुरुवात गावातूनच होते. शाळा व्यवस्थापन समितीनं ठराव करायचा की अमुक खोली धोकादायक आहे, ती पाडायला परवानगी द्यावी. सोबत फोटो जोडायचे. ग्रामपंचायतीचाही ठराव घ्यायचा. मुख्याध्यापक तो प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवतात. बांधकाम विभागाचे अभियंते येऊन खोली बघतात आणि ती वापरायला योग्य नाही असा दाखला देतात. मग जिल्हा परिषदेची मंजुरी, जुन्या सामानाचा लिलाव, आणि पाडकाम. यातल्या कोणत्याही टेबलावर कागद अडकू शकतो. म्हणून प्रस्ताव दिला त्या दिवशी पोच घ्यायची आणि आवक क्रमांक वहीत लिहून ठेवायचा. गटाच्या वहीत आपण पाच रुपयांचा दंडसुद्धा लिहितो, मग हा क्रमांक का लिहायचा नाही?

दुसरा कागद यू-डायसचा. प्रत्येक शाळा दरवर्षी सरकारला माहिती भरून देते. त्यात खोल्या किती आणि त्यांची स्थिती काय, हेही असतं. चांगल्या खोल्या किती, किरकोळ दुरुस्तीच्या किती, मोठ्या दुरुस्तीच्या किती. समग्र शिक्षा योजनेत शाळांना काय द्यायचं, हे ठरवताना हीच माहिती बघतात. पडकी खोली त्यात 'चांगली' म्हणून गेली असेल तर पुढचं वर्षही गेलंच. समितीच्या बैठकीत मुख्याध्यापकांना म्हणा, "सर, यू-डायसमध्ये आपल्या खोल्यांचं काय भरलंय ते जरा वाचून दाखवा." यात भांडण करायचं काही कारण नाही. ही शाळेची माहिती आहे, आणि शाळा गावाची आहे.

हे विचारायला आपण कोण, असं काही जणींना वाटतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं याचं उत्तर देऊन ठेवलंय. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊणहिस्सा सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा तयार करायचं कामही कायद्यानं याच समितीला दिलंय. त्याच कायद्याच्या परिशिष्टात इमारत कशी हवी ते लिहिलंय. दर शिक्षकामागे किमान एक खोली, मुलामुलींना वेगळं स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, पोषण आहार शिजवायला जागा, अपंग मुलांना आत जाता येईल अशी वाट, कुंपण. ही कुणाची मेहेरबानी नाही.

पण खरी परिस्थिती आपल्याला माहीत आहे. समितीत नाव बाईचं असतं आणि सहीला वही घरी येते. खुरपणीवरून आलेली बाई चुलीपुढं बसून सही करते, आणि कशावर केली ते तिला सांगत नाहीत. आमचं एवढंच म्हणणं आहे की वही घरी आली तर परत पाठवा. म्हणा, बैठकीला येऊन सही करते.

आमच्या भागातल्या एका गावाची गोष्ट सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण काम अजून चालू आहे. तिथल्या ग्रामसंघाच्या बैठकीत एका आजीनं सांगितलं की नातू शाळेत डोक्यावर दप्तर धरून बसतो. का, तर वरून खपल्या पडतात. आम्ही सगळ्या जणी उठून शाळेत गेलो. आमच्यातल्या दोघींचे नवरे गवंडीकाम करतात, त्यामुळं कुठं बघायचं ते त्यांना ठाऊक होतं. स्लॅबचं प्लॅस्टर सुटून आतली सळई उघडी पडली होती, गंजून फुगली होती. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली होती, तिच्यात बोट जात होतं. भिंतीत पिंपळ उगवला होता. गाव काळ्या मातीचं आहे. काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते आणि पायाला हलवते. त्यामुळं तिथली भेग दरवर्षी लिंपली तरी दरवर्षी उघडते. आणि या भिंतीवर बाहेरून काय होतं? नवाकोरा रंग, फुलपाखरं, बाराखडी. 'माझी शाळा, सुंदर शाळा' स्पर्धेच्या वेळी रंगवलेली. स्पर्धा चांगली आहे, आम्ही नावं ठेवत नाही. पण रंगानं भेग झाकली जाते, भरत नाही.

त्या दिवशी पहिलं काम हे केलं की त्या खोलीला कुलूप लावायला सांगितलं. मंजुरी येईल तेव्हा येईल, मुलं आजच बाहेर काढायची. वर्ग समाजमंदिरात हलवला. काही पालक कुरकुरले, "तिथं फळा नाही, पंखा नाही." नसू दे.

मग पैशाचं बघू. पैसा एका थैलीत नसतो, चार-पाच थैल्यांत असतो, आणि कोणत्या थैलीतून काय निघतं ते कळलं नाही तर नुसती पायपीट होते. शाळेला दरवर्षी पटावर संयुक्त शाळा अनुदान मिळतं. पट ३० पर्यंत असेल तर १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. यातून खडू-फळा, वीजबिल, नळाची तोटी, फार तर एखादा पत्रा होईल. स्लॅब होणार नाही. त्यामुळं "अनुदान आलं होतं, मग खोली का बांधली नाही?" असं गुरुजींना टाकून बोलू नका, ते पैसे तेवढे नसतातच.

ग्रामपंचायतीची थैली वेगळी. १५ व्या वित्त आयोगाचा जो निधी आपल्या राज्यात आला, त्यातला ८० टक्के थेट ग्रामपंचायतीला, आणि १०-१० टक्के पंचायत समितीला आणि जिल्हा परिषदेला. ग्रामपंचायतीच्या वाट्यातला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला असतो. शाळेचं स्वच्छतागृह, पाण्याची टाकी, हात धुवायची जागा त्यात बसते. उरलेल्या बंधन नसलेल्या पैशातून दुरुस्ती, कुंपण, वीज करता येते. फक्त ते काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात असलं पाहिजे. आराखड्यात नाही, तर पैसा असूनही नाही.

इथंच आपल्या गटांचं जोरदार काम आहे. ऑक्टोबरपासून पुढं आपण गट-गट बसून गावाचा दारिद्र्य निर्मूलन आराखडा भरतो. पुष्कळ जणी त्यात घरकुल, शेळी, शिलाई मशीन लिहितात आणि उठतात. त्याच आराखड्यात सार्वजनिक कामांच्या मागणीचा भाग आहे. तिथं शाळेची खोली, मुलींचं स्वच्छतागृह लिहा. ग्रामसंघामार्फत ते ग्रामपंचायतीकडे जातं. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, असा आपल्या राज्याचा नियम आहे. त्या सभेत विषय मांडा, ठरावात शब्द न् शब्द लिहून घ्या, आणि मग ग्रामसभेला जा. नुसतं तोंडी बोलणं चहाबरोबर संपतं.

अख्खी नवीन खोली मात्र मोठ्या थैलीतूनच येते. एक जिल्हा नियोजन समितीची, दुसरी समग्र शिक्षाची, जिच्यात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के असतात. आमदार-खासदारांच्या निधीतूनही खोली होते, खासदाराला वर्षाला ५ कोटी असतात. पुढारी लग्नाला, जागरण-गोंधळाला आले की आपण सभामंडप मागतो. तेव्हा गटाच्या बायांनी निर्लेखनाच्या मंजुरीची प्रत हातात घेऊन शाळेची खोली मागावी. मंजुरीची प्रत जोडलेली असली की मागणी टाळणं अवघड जातं.

ज्यांच्या मुली हायस्कूल-कॉलेजला आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. खासगी अनुदानित शाळेत पगार सरकार देतं, पण इमारत मुख्यतः संस्थेची जबाबदारी असते. तिथं पालकसभेत संस्थेला विचारायचं. महाविद्यालयांना केंद्राच्या रुसा योजनेतून बांधकाम, दुरुस्ती आणि साहित्यासाठी मिळून २ कोटी मिळत होते. २०२३ पासून तीच योजना पीएम-उषा नावानं आहे आणि निवडलेल्या महाविद्यालयाला ५ कोटींपर्यंत मिळू शकतात. पण त्याला मूल्यांकन वगैरे अटी असतात, आणि प्रस्ताव महाविद्यालयालाच पाठवावा लागतो. आपण एवढं विचारू शकतो, "प्रस्ताव केला का? मुलींची खोली, स्वच्छतागृह त्यात धरलं का?"

आणि काम सुरू झालं की घरी बसू नका. अंदाजपत्रकाची प्रत शाळेत ठेवायला सांगा. किती फूट खोली, कोणती सळई, किती खोल पाया, हे त्यात लिहिलेलं असतं. काळ्या मातीत पाया उथळ घेतला तर पुन्हा तेच. पाया भरायच्या आधी फोटो काढा, कारण नंतर तो दिसत नाही. स्लॅबवर दिवसातून किती वेळा पाणी मारतात ते पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना सगळ्यात चांगलं कळतं, त्या तिथंच असतात. बिल निघायच्या आधी समितीनं काम बघितलं पाहिजे. ठेकेदार म्हणेल, "बायांना यातलं काय कळतं?" आपण घर लिंपलंय, गोठे बांधलेत, विटा वाहिल्यात. आपल्याला कळतं.

पट कमी आहे म्हणून खोली मिळत नाही, असंही ऐकायला येईल. यात खोच अशी आहे की खोली गळते म्हणून लोक मुलांना गाडीत बसवून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत पाठवतात. मग पट उतरतो, आणि पट उतरला म्हणून खोली मिळत नाही. मागं राहतात ती ज्यांच्याकडं गाडीचे पैसे नाहीत त्यांची लेकरं. पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोड करणाऱ्या घरांतली, आजीजवळ राहणारी. त्यांच्यासाठी ही खोली अडून चालणार नाही.

त्या गावाचं पुढं काय झालं, ते सांगून थांबतो. समितीचा ठराव गेला, ग्रामपंचायतीचा गेला. अभियंता साहेब दुसऱ्यांदा सांगितल्यावर आले आणि दाखला देऊन गेले. निर्लेखनाची मंजुरी मिळाली, जुने दरवाजे-खिडक्या लिलावात गेल्या, खोली पाडली. नवीन खोलीचं अंदाजपत्रक तालुक्याला आहे. ग्रामसंघाच्या दोघी दर सोमवारी बाजाराला जातात तेव्हा विचारून येतात. मुलं अजून समाजमंदिरातच बसतात. फळा मिळालाय, पंखा अजून नाही.