पोटखराब्यातला इतिहास

(रत्नागिरी येथे स्थानिक इतिहासप्रेमींच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी सातबाऱ्याचा उतारा असेल. घरी गेल्यावर तो काढून पाहा. भातखाचर, कलमांची बाग, वरकस जमीन असा सारा हिशेब झाल्यावर खाली एक नोंद असते, पोटखराबा. म्हणजे जिथे काही पिकत नाही, ज्यावर आकारणी होत नाही, ती जमीन. आमच्याकडे गावाच्या डोक्यावरचा अवघा सडा या एका शब्दात गुंडाळला गेला आहे. आज मला बोलायचे आहे ते या पोटखराब्याविषयी, आणि तो पायी तुडवीत हिंडणाऱ्या माणसांविषयी.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचे पठार. फ्रान्सिस ब्युकॅनन या स्कॉटिश अधिकाऱ्याने मलबारात हा दगड विटेसारखा कापला जाताना पाहिला आणि १८०७ साली लॅटिनमधील वीट या शब्दावरून त्याला लॅटेराइट हे नाव दिले. आपले पूर्वज त्याच्याही पुष्कळ आधीपासून त्याचे चिरे काढून घरे, देवळे आणि विहिरी बांधत होते. उघड्या कातळावर चैत्र-वैशाखात पाय ठेववत नाही, आणि श्रावणात त्याच कातळावर जांभळ्या-पांढऱ्या फुलांचा गालिचा पसरतो. वर्षाचे आठ महिने तिथे गुराखी सोडला तर कुणी फिरकत नसे.

या गुराख्यांना कातळावरची चित्रे ठाऊक होती. कुणी त्यांना पांडवांचे काम म्हणे, कुणी देवाचे. काही ठिकाणी त्यांची पूजाही होई. परंतु ही माहिती वाडीच्या बाहेर जात नव्हती. गोव्यात कुशावती नदीकाठच्या पणसायमळ येथील चित्रे १९९३ साली अभ्यासकांपुढे आली, तर आपल्याकडे निवळीसारख्या एखाद्या ठिकाणाची तुरळक नोंद होती. त्यावरून असे काही थोडे नमुने कोकणात आहेत, एवढाच समज रूढ होता.

तो समज मोडला तो रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेने. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि भूगोलाचे प्राध्यापक डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई ही नावे आता देशभरातील अभ्यासकांना परिचित आहेत. यांपैकी कुणाचीही पुरातत्त्वाची नोकरी नव्हती. आपापले व्यवसाय सांभाळून, पदरचा पैसा आणि सुटीचे दिवस खर्चून त्यांनी दशकभराहून अधिक काळ सडे पालथे घातले. त्यांची पद्धत अगदी साधी होती. वाडीवर जायचे, ओटीवर बसायचे, वडीलधाऱ्यांना विचारायचे. शाळेत जाऊन मुलांना सांगायचे, ‘आजोबांना विचारा, सड्यावर कुठे चित्र पाहिले आहे का?’ दहा ठिकाणी नकार मिळे, अकराव्या ठिकाणी एखादा म्हातारा काठी टेकीत पुढे होई. मग गवत बाजूला करायचे, साचलेली माती हळूच झाडायची, आणि सकाळच्या किंवा कलत्या उन्हाची वाट पाहायची. कारण भर दुपारी डोक्यावरच्या उन्हात ती रेषा दिसतच नाही.

अशा रीतीने २०२२ पर्यंत रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत मिळून हजाराहून अधिक कातळशिल्पांची नोंद झाली. राज्य पुरातत्त्व खाते या कामाच्या पाठीशी उभे राहिले. मार्च २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातील नऊ स्थळे गेली. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे ही सात आपल्या जिल्ह्यातील, सिंधुदुर्गातील कुडोपी, आणि गोव्यातील पणसायमळ.

कशेळीला आपण कनकादित्याच्या दर्शनाला जातो. त्याच गावच्या सड्यावर सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद असा हत्ती कोरलेला आहे, आणि त्या हत्तीच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृत्या आहेत. जमिनीवर उभे राहून तो पूर्ण दिसत नाही. मग कोरणाऱ्याने त्याचे मोजमाप कसे साधले असेल? बारसूला दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस आहे. अन्यत्र गेंडा आहे, पाणघोडा आहे. हे प्राणी आज कोकणात नाहीत. शार्क आणि स्टिंगरे यांसारखे समुद्रातले जीव आहेत. शेतीचे चित्रण मात्र कुठेच नाही. यावरून ही शिकार करून राहणाऱ्या, शेती न जाणणाऱ्या समाजाची निर्मिती असावी, असे अभ्यासक मानतात आणि काळ दहा-बारा हजार वर्षांपूर्वीपर्यंत नेतात. सिंधुदुर्गातील कोळोशीच्या गुहेत उत्खनन होऊन दगडी हत्यारे मिळाली, त्यामुळे या भागात तेव्हा माणूस वावरत होता याला आधार मिळाला.

इथे आपल्यातल्या उत्साही मंडळींना एक विनंती करतो. कातळावरच्या रेषेचे वय थेट मोजणे अतिशय अवघड असते. बारसूचा माणूस पाहिला की सिंधू संस्कृतीची मुद्रा आठवते, हे खरे. पण आठवणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. आपल्याला हवा तो निष्कर्ष आधी ठरवून पुरावा मागाहून शोधण्याची सवय परक्यांनी आपल्या इतिहासाबाबत दाखविली, म्हणून आपण त्यांना दोष देतो. तीच चूक आपल्या हातून अभिमानापोटी होऊ नये. डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर हे संघाचे स्वयंसेवक. १९५७ साली रेल्वेतून जाताना त्यांना दूरवरचे खडक दिसले, ते उतरून पायी तिथवर गेले आणि भीमबेटका जगापुढे आले. तिथे थांबून भाषण करण्याऐवजी त्यांनी वर्षानुवर्षे त्या चित्रांच्या प्रतिकृती काढल्या. २००३ साली ते स्थळ जागतिक वारसा ठरले, तेव्हा वाकणकर हयात नव्हते.

आता थोडे माझ्या घरचे सांगतो. आमच्या गावच्या सड्यावर आमच्या कुटुंबाची सामाईक जमीन होती. लहानपणी मी आजोबांबरोबर गुरांमागे तिथे जात असे. एका जागी ते वहाण काढून ठेवीत आणि वळसा घालून पुढे जात. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, ‘बाबा, इथे काहीतरी काढलेले आहे, त्यावर पाय देऊ नये.’ मी खाली पाहिले. मला एक वाकडी खाच दिसली, एवढेच. पुढे नोकरीनिमित्त बाहेर पडलो. आजोबा गेले. सामाईकांत ठरले, की पोटखराबा ठेवून काय करायचे? चिऱ्याच्या खाणीला द्यावा. कागद माझ्याकडे आला, मी सही केली. वाचूनही पाहिला नाही. काही वर्षांनी निसर्गयात्रीच्या मंडळींनी काढलेली छायाचित्रे पाहिली, तेव्हा ती वाकडी खाच मला एकदम आठवली. धावत गावी गेलो. तिथे पुरुषभर खोल चौकोनी खड्डा होता, त्यात पावसाचे पाणी साचलेले. ते चिरे कुणाच्या तरी घराच्या जोत्याला लागले असतील. तिथे काय कोरले होते हे आता कुणालाही सांगता येणार नाही, आणि त्या सहीचा दोष मी खाणवाल्याला देऊ शकत नाही.

म्हणून उक्षीच्या ग्रामस्थांचे मला फार कौतुक वाटते. त्यांच्या सड्यावर हत्ती सापडला, तेव्हा गावाने पुढाकार घेऊन भोवती कठडा बांधून घेतला. पाहणारा बाहेरूनच पाहतो, आत पाय पडत नाही. प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा कायदा आहे. परंतु अधिसूचना निघेपर्यंत त्या दगडाला राखण कोण? जमीन बहुतांशी खासगी आहे. मालकाला बाग लावायची असते, घर बांधायचे असते, मुलीचे लग्न करायचे असते. त्याला केवळ वारसा वारसा म्हणून उपदेश करणे सोपे आहे. चित्रापुरती दोन-चार गुंठे जागा मोकळी सोडून उरलेल्या जमिनीचा त्याला उपयोग करता यावा, येणाऱ्या पाहुण्यांच्या न्याहारीतून त्याच्या घरात चार पैसे यावेत, हे बोलणे त्याच्या ओटीवर बसूनच करावे लागते. बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा प्रश्न आला, तेव्हा २०२३ साली मोठे आंदोलन झाले. प्रकल्पाविषयी या सभागृहातही दोन मते असतील. पण तिथल्या चित्रांची नोंद आधी झालेली होती, म्हणूनच निदान त्यांचा विचार चर्चेत आला. ज्यांची नोंद नाही, त्यांच्या वतीने बोलायला कुणी नसते.

तेव्हा या पावसाळ्याआधी प्रत्येकाने आपल्या गावी जावे. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारावे. काही दिसलेच, तर खडूने रेषा रंगवू नका, खरवडू नका, पाणी ओतून घासू नका. आडव्या उन्हात छायाचित्र घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा, जागेची खूण लिहून घ्या आणि पुरातत्त्व खात्याला किंवा निसर्गयात्रीला कळवा. आणि भाऊबंदांकडून सामाईक जमिनीचा कागद सहीसाठी आला, तर सही करण्यापूर्वी एकदा त्या सड्यावर अनवाणी जाऊन या.